ओट्याखालचं सॉकेट

माझ्या नव्याकोऱ्या घराच्या बाथरूममध्ये एक अनोळखी माणूस पालथा पडला होता.

मी पडद्यांची मापं घ्यायला आले होते. हातात टेप, खांद्याला पर्स, आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात एक शिट्टी. एकट्या बाईनं रिकाम्या घरात जाताना जवळ असावी म्हणून मी ती मुद्दाम घेतली होती. नेमक्या वेळी ती काही आठवली नाही. मी टेपच पुढे धरली, तलवारीसारखी.

"को... कोण आहे?"

त्यानं मान वर केली नाही. नुसतं एक बोट वर केलं, थांबा म्हणून. मग बारीक हातोडीनं फरशीवर टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि खडूनं फुली मारली.

"पोकळ," तो म्हणाला. "या ओळीतल्या चार फरश्यांखाली मालच भरलेला नाही. ऐका."

"अहो, मी विचारतेय कोण तुम्ही!"

आता मात्र तो उठून बसला. केसांत पांढरी धूळ, गुडघ्यांना जाड पट्टे, आणि डोळे... माझ्याकडे बघण्याआधी त्या डोळ्यांनी माझ्या मागची चौकट सरळ आहे का ते बघून घेतलं.

"घर तपासतोय. मालकांनी बोलावलंय."

"मालक मी आहे."

"मालकांना मिशी आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, माझ्याकडे नीट बघत, "म्हणजे... फोनवर तसा आवाज होता."

मला हसू आलं असतं, पण मी येऊ दिलं नाही. त्यानं खिशातून चुरगळलेला कागद काढला. "घर नंबर सहा ना हे?"

"नऊ."

"बाहेर सहा लिहिलंय."

आम्ही दोघंही जिना उतरून दाराबाहेर गेलो. भुरभुर पाऊस पडत होता. दारावरच्या पितळी आकड्याचा वरचा स्क्रू निखळला होता आणि खालच्या स्क्रूवर लोंबकळत आमच्या नऊचा छानपैकी सहा झाला होता.

"दोन तास," तो घड्याळाकडे बघत पुटपुटला. "दोन तास परक्याच्या घरात लोळतोय मी."

"पण आत शिरलात कसे? कुलूप होतं."

त्यानं किल्ली दाखवली. सहा नंबरवाल्यांनी दिलेली. माझ्या दाराला लावली, फिरवली. खट्कन उघडलं. दहा घरांची रांग, आणि कुणाची किल्ली कुणाला लागेल याचा नेम नाही!

"हा पहिला दोष," तो गंभीरपणे म्हणाला. "लिहून घेतो. आकड्याचा स्क्रू दुसरा."

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी काळजी करणारी बाई आहे. तापलेलं दूध मी मनगटावर घेऊन बघते, मग जिभेवर, मग परत मनगटावर. बसमध्ये चढताना ड्रायव्हर झोपाळलेला नाही ना ते बघते. माझी मुलगी चार वर्षांची. जिथे चढू नये तिथे चढते, जे उचलू नये ते उचलून आणते, म्हणून घरात तिला मुंगीच म्हणतात. तिचा बाबा आणि मी दोन वर्षांपूर्वी वेगळे झालो. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. तो दुसऱ्या शहरात गेला आणि त्याचं उरलेलं सामान मी नीट बांधून पाठवलं. आता मी, मुंगी आणि माझी आई. भाड्याच्या दोन खोल्या महिनाअखेरीला सोडायच्या होत्या आणि शनिवारी या घराच्या ताब्याच्या कागदावर माझी सही व्हायची होती. सही झाली की घर माझं. त्यातलं जे काही बिघडलेलं असेल, तेही माझं.

आणि एवढी काळजी करणाऱ्या मी हे घर एकदाही तपासलं नव्हतं. कारण ते काकांनी बांधलं होतं. काका म्हणजे माझ्या बाबांचे जिवलग मित्र. बाबा गेले तेव्हा सगळं काकांनी केलं. त्यांनी बांधलेलं घर ठोकून बघायचं? छे! तसं तर माझं लग्नही ओळखीतलंच होतं. चांगल्या घरातला मुलगा, त्यात बघायचं काय, असंच सगळे म्हणाले होते. मीसुद्धा.

"बरं, निघतो," तो म्हणाला. सामान गोळा करता करता थबकला. "घरात लहान मूल आहे का?"

"एक आहे. का?"

"काही नाही... एक मिनिट वर येता?"

मुंगीसाठी ठरवलेल्या खोलीला छोटी गॅलरी होती, लोखंडी कठड्याची. काळा रंग, वर सुरेख वेलबुट्टी. त्या कठड्यावरच तर मी भाळले होते. त्यानं कठड्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला दोन बोटं लावली. फक्त दोन. आणि हलकेच ढकललं.

खांब हलला. दुखऱ्या दातासारखा.

"बोल्ट स्लॅबपर्यंत गेलेच नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. "वरच्या गिलाव्यातच अडकलेत. भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं बुजवून वर रंग दिलाय. दिसायला छान. पण कुणी रेललं तर..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मी केलं, मनातल्या मनात, आणि मग भिंतीला टेकून तशीच उभी राहिले.

"बसा," तो म्हणाला. "अहो, इथे नको, आत बसा."

"काका असं करणार नाहीत," मी म्हणाले. आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

"मी कुणाचं नाव घेतलं नाही. मी फक्त खांब हलवला."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या आणि कठड्याच्या मधे उभा होता, पाठ कठड्याकडे करून, जणू मीच चार वर्षांची होते.

"तुम्ही... रीतसर तपासाल हे घर? माझ्यातर्फे?"

"सहा नंबर आधी."

"मग?"

"मग तुमचं." तो किंचित हसला. "अर्धं झालंच आहे म्हणा."

*

बुधवारी सकाळी तो आला तेव्हा आई आणि मुंगीही होत्या. आईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि थर्मासचं झाकण उघडलं.

"चहा घ्या आधी."

"नको. रिपोर्ट हातात देईपर्यंत ज्याचं घर त्याच्याकडचं पाणीसुद्धा घेत नाही मी."

"का? विष घालू की काय आम्ही?"

"आई!"

"तसं नाही हो. चहा गोड असला की भिंतीची ओल कमी दिसते," तो म्हणाला. "हे काम ज्यांच्याकडे शिकलो, त्या बाईंनी शिकवलंय. अजून मोडलं नाही."

"बिस्किट?" मुंगीनं विचारलं. तोंडातलं अर्धं काढून तिनं पुढे केलं होतं.

त्यानं ते ओलं बिस्किट पाहिलं, मग तिला पाहिलं. "हे मात्र अवघड आहे," तो तिच्याएवढा खाली बसत म्हणाला. "रिपोर्टनंतर देशील?"

"संपेल."

"मग माझं नशीब."

त्यानं वरच्या बाथरूमच्या मोरीच्या जाळीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवलं आणि दोन बोटं पाणी साठवलं. भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीनं खूण केली, शेजारी वेळ लिहिली. हे पाणी एक अख्खा दिवस तसंच ठेवायचं. उद्या पातळी उतरलेली दिसली किंवा खाली स्वयंपाकघराच्या छताला ओल आली, तर समजायचं, फरशीखालचा थर नीट घातलेला नाही.

"मग आत्ता काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. वाट बघायची."

"मला वाट बघता येत नाही."

"दिसतंय," तो म्हणाला. "मघापासून तीनदा नळ बंद आहे ना ते बघून आलात."

माझे कान गरम झाले. "मोजत होतात?"

"सवय आहे हो. वाईट सवय." आणि मग पाण्याकडे बघत, जरा अडखळत, "तसं... वाईट वाटलं नाही मोजताना."

मी टेप घेतली आणि खिडकीची मापं घ्यायला गेले. तीच खिडकी मी मंगळवारी मोजली होती. दोन्ही वेळी माप वेगळं आलं. खिडकी वाकडी होती की माझा हात, ते मी त्याला विचारलं नाही.

दुपारपर्यंत मुंगीनं त्याचं नाव ठकठक ठेवलं. ठकठकच्या मागे मागे ती भिंतीला कान लावत फिरली. "इथे दुखतं," ती एकेका जागेला हात लावून सांगायची, आणि तो तितक्याच गांभीर्यानं ठोकून बघायचा. दहातल्या एखाद्या जागी खरंच पोकळ वाजायचं. मग दोघांचा असा काही जल्लोष, की आई जिन्यावरून ओरडली, "अगं, दोष सापडलाय! लॉटरी नाही लागलेली!"

आईनं मग माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते. आईनं काही म्हटलं नाही, पण तिचं ते न म्हणणं मला घरी जाईपर्यंत ऐकू येत होतं.

*

गुरुवारी सकाळी पेन्सिलीची खूण कोरडी होती. पाणी तिच्याखाली बोटभर उतरलं होतं. खाली स्वयंपाकघराच्या छतावर बशीएवढा काळसर डाग. त्यानं स्टुलावर चढून ओल मोजायचं यंत्र डागाला टेकवलं. मग लहानसा दिव्यांचा प्लग घेऊन एकेक सॉकेट तपासायला लागला. तीन दिवे लागले तर वायरिंग ठीक. आई वर कपाटं पुसत होती. मी मुंगीला बालवाडीत पाठवायला तयार करत होते आणि आम्ही बोलत होतो. कशावरून सुरू झालं ते आता आठवत नाही.

"कुणाच्याही घरी गेलात की असं ठोकून बघता?"

"मनात."

"माणसांनाही?"

तो थांबला. "माणसांना नाही ठोकत. माणसं आपणहून वाजतात."

"मग मी कशी वाजते?" विचारून टाकलं, आणि लगेच वाटलं, जीभ चावावी.

तो वळून माझ्याकडे बघायला लागला. प्लग हातातच होता. "भरीव," शेवटी म्हणाला. "कुठे कुठे... घाई केलीय कुणीतरी. पण आतून भरीव."

माझ्या हातातलं काम तिथेच थांबलं. खिडकीतून पागोळ्यांचा आवाज येत होता. मुंगी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"वा! छान चाललंय!"

काका दारात उभे होते. छत्री मिटत आत आले, छताकडे पाहिलं, फरशीवरच्या खडूच्या फुल्या पाहिल्या. मला म्हणाले, "काय गं पोरी, माझ्या घराला आजारी पाडलंस म्हणे?"

"काका, मी तुम्हाला फोन करणारच होते..."

"तुझ्या बाबानं माझ्या कामावर कधी बोट ठेवलं नाही. आणि तू बाहेरचा माणूस आणून माझ्या भिंती बडवतेस!"

"साहेब, वरचा कठडा..." तो म्हणाला.

"तुम्ही बोलू नका हो. कालपासून माझी माणसं बघताहेत. हसणं काय, खिदळणं काय." काका माझ्याकडे वळले. आवाज खाली आला, पण एवढाही नाही की त्याला ऐकू जाऊ नये. "अगं वेडे, दोष संपले की याच्या फेऱ्या संपणार. मग कशाला संपवेल तो? रोज एक नवा सापडेल बघ. हा भिंती बघतोय की तुला, एवढं तरी बघ."

मी त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हण. काहीतरी म्हण! तो प्लग पिशवीत ठेवत होता, फार सावकाश.

"रिपोर्ट उद्या मिळेल," एवढंच म्हणाला आणि गेला.

"बघ," काका म्हणाले. "शनिवारी दहा वाजता येतो मी कागद घेऊन."

घरी गेल्यावर आईनं मला समोर बसवलं.

"खरं सांग. तुला आवडतो?"

"आई, प्रश्न कठड्याचा आहे."

"कठड्याचं मी विचारलं नाही."

खरा घोळ तोच होता. तो खांब मी माझ्या डोळ्यांनी हलताना पाहिला होता. पण बाकीची यादी? ती खरी की माझ्यासाठी लांबवलेली? माणूस मला आवडला म्हणून मी मान डोलवत होते का? काका आमचे म्हणून घर तपासलं नाही, आणि आता हा आवडला म्हणून याचा शब्द तपासायचा नाही? आधीही एकदा मी अशीच मान डोलवली होती. या वेळी ती गॅलरी मुंगीची होती.

*

शुक्रवारी तो आलाच नाही.

त्याच्याऐवजी साठीच्या एक बाई आल्या. आखूड पांढरे केस, पायात पुरुषी बूट, खांद्याला अवजारांची पिशवी. म्हणाल्या, "मी त्याची बाई, त्याला हे काम शिकवणारी. त्यानं तुमचं घर सोडलंय. आता मी बघते."

"सोडलंय म्हणजे?"

"म्हणजे सोडलंय. त्याची यादी पाकिटात बंद आहे, मी उघडलेली नाही. मी माझी करेन, मग दोन्ही शेजारी ठेवू." त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "चहा विचारू नका."

"नाही विचारत," मी म्हणाले. "पण का सोडलं?"

"तेवीस वर्षं शिकवलंय मी. मुलं काम सोडतात ती कंटाळून, नाहीतर घाबरून. हा आला आणि म्हणाला, बाई, त्या घरात मी तटस्थ नाही. माझ्या सहीनं त्या घराचं नुकसान होईल." बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मी पुढचं विचारलं नाही. तुम्हीही मला विचारू नका."

चार तास त्यांनी घर पिंजून काढलं. माझ्याशी एक शब्द नाही. शेवटी ओट्यावर पाकीट फोडलं, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. किल्ली, आकडा, फरश्या, बाथरूम, वाकडी खिडकी, कठडा... त्याचे अकरा दोष. बाईंचेही तेच अकरा. शब्द वेगळे, जागा त्याच. त्यानं एकही वाढवला नव्हता.

माझा जीव भांड्यात पडतोय तोच बाई म्हणाल्या, "आणि हा बारावा. हा त्याच्याकडे नाही."

ओट्याखाली, फ्रीजसाठी ठेवलेलं सॉकेट. जमिनीपासून दीड हात वर. मुंगीच्या बरोबर छातीशी. बाईंनी त्यात प्लग घातला. दोनच दिवे लागले.

"अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही. फ्रीजमध्ये बिघाड झाला आणि कुणी ओल्या हातानं दार धरलं, की बसलाच झटका." त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. "घरातली बाकी सगळी सॉकेटं त्यानं बघितलीत. खुणा आहेत. हे एकच सुटलं. त्याचं कधी सुटत नाही. काय झालं होतं या खोलीत?"

मला ठाऊक होतं काय झालं होतं या खोलीत.

*

शनिवारी दहाला काका कागद घेऊन आले. बाई आल्या होत्याच. मी दोन्ही याद्या काकांसमोर ठेवल्या. काकांनी चष्मा लावला, एक वाचली, दुसरी वाचली, आणि दोन्हीखालच्या सह्या पाहिल्या.

"कागदावर काय, कुणीही काहीही लिहील."

"मग कागद राहू द्या," बाई म्हणाल्या. "वर चला. हात लावून बघा."

काका ताडताड जिना चढले. गॅलरीत गेले आणि आमच्याकडे एक रागीट नजर टाकून त्यांनी कोपऱ्यातला खांब धरून हिसका दिला. खांबाच्या बुडाचा पत्रा उचकटला. लांबी खपलीसारखी निघून खाली पडली. भोकातून जो बोल्ट बाहेर आला तो माझ्या करंगळीएवढा होता.

काकांनी तो बोल्ट हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले.

"हे काम मी दुसऱ्याला दिलं होतं," ते म्हणाले. "पंधरा वर्षांचा माणूस माझा. घरच्यासारखा. त्याचं काम काय बघायचं, म्हणून... मी वर चढलोच नाही गं."

"मीही नाही बघितलं, काका," मी म्हणाले. "तुम्ही होतात म्हणून."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं, या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटेल. नाही वाटलं. मी त्यांच्याजवळ खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनीच ताब्याचा कागद काढला, घडी घातली आणि खिशात परत ठेवला.

"बाराच्या बारा झाल्याशिवाय सही करू नकोस. मी सांगितलं तरी करू नकोस. तुमच्या भाड्याच्या घरमालकाशी मी बोलतो, चार आठवडे आणखी देईल तो." उठता उठता थांबले. "आणि त्या... त्या मुलाला सांग. मी बोललो ते..."

"तुम्हीच सांगा."

"दोन नंबरमध्ये आहे तो आज," बाई याद्यांची घडी घालत, कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "सहावाल्यांनंतर दोनवाल्यांनीही बोलावलंय. लोकांना आता सुचतंय."

आई मागून म्हणाली, "काका मागाहून सांगतील. तू जा आधी. मुंगीला आणायची वेळ झालीच आहे."

*

तो दोन नंबरच्या अंगणात ओळंबा धरून उभा होता. दोरीला टांगलेलं वजन भिंतीसमोर हळूहळू स्थिर होत होतं. मला पाहिलं आणि ते परत हलायला लागलं.

"काकांनी बारा दोष मान्य केले," मी म्हणाले.

"अकरा."

"बारा. ओट्याखालचं सॉकेट. अर्थिंग नाही."

त्याचा चेहरा उतरला. एकदम, पूर्ण. त्यानं दोरी गुंडाळायला घेतली, मग तशीच सोडली. "ओट्याखाली... तिथे एक होतं?"

"माझी मुलगी त्याच्यासमोर उभी होती." मी रागवायचं ठरवून आले होते आणि खरंच रागावले होते. "तुमच्या भरवशावर मी राहिले असते तर?"

"म्हणूनच सोडलं घर," तो म्हणाला. "काकांचं बोलणं अर्धं खरं होतं. यादी मी लांबवली नसती, कधीच नाही. पण बघत मात्र होतो... तुमच्याकडे. मग माझी सही काय कामाची? कठड्याबद्दल खरं लिहूनही त्यांना म्हणता आलं असतं, हा काय, हिच्यासाठी लिहितोय. आणि सॉकेट सुटलंय हे तर मला माहीतही नव्हतं. तेच जास्त वाईट." त्यानं कपाळावरची धूळ पुसली, आणखी पसरली. "माफ करा."

मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना, "त्या वेळी नेमकं काय बघत होतात?"

"सांगायलाच हवं?"

"तपासतेय."

त्यानं मोठा श्वास घेतला. "तुम्ही मुंगीला बूट घालत होता. घालण्याआधी बूट उलटा करून झटकलात, आत काही नाही ना म्हणून. मग हात घालून बघितलंत. मग दुसरा. मग तिची बाहुली होती शेजारी, तिचे बूट तर बोटाएवढे..." तो थांबला. "तेही झटकलेत. कुणी बघत नाहीये असं समजून. मला वाटलं, एवढं जपणारं माणूस... त्याला कोण जपत असेल?"

पाऊस थांबला होता. दोन नंबरच्या पन्हाळीतून तेवढं पाणी ठिबकत होतं, चुकीच्या बाजूला. त्यानं तिकडे बघितलं नाही. मी बघितलं, आणि माझे डोळे भरून आले ते त्या पन्हाळीकडे बघताना आले, असं मी अजूनही सांगते.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "सगळ्याचीच. आधी एकदा न बघता..."

"मग बघा. हवं तितकं बघा. मला घाई नाही." मग हळूच, "मला तुम्ही आवडता. हे कुठल्या रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही, म्हणून तोंडी सांगतोय."

"तोंडी चालतं?"

"तुम्ही म्हणाल तर लेखी देतो."

मला हसू आलं. या वेळी मी येऊ दिलं. "मुंगीला आणायला जायचंय," मी म्हणाले. "बालवाडी पलीकडच्या गल्लीत आहे."

"बरं..." तो म्हणाला, जरा मागे सरत.

"बरं काय? चला."

गल्ली संपली. रस्त्याच्या कडेला आलो. रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंना दूरवर एक सायकलसुद्धा नाही. मी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे बघितलं. आणि डावीकडे वळले तर तोही अगदी तस्साच, मान वळवून, डोळे बारीक करून, दुसऱ्यांदा बघत होता.

आमची नजर मधेच भेटली.

"काही नाहीये," तो म्हणाला.

"एकदा खात्री केलेली बरी," मी म्हणाले, आणि त्याचा धुळीनं भरलेला हात धरून रस्ता ओलांडला.